पडद्याची रुंदी आणि आकाशाची मालकी

दूरचित्रवाणी संचाचा पडदा जुन्या चौकोनी घडणीचा असावा की नव्या रुंद घडणीचा, तो चौदा इंची असावा की त्रेचाळीस इंची, हा वाद वरवर पाहता दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला आहे. राजकीय चळवळीने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की हा वाद आता पुरोगामी मंडळींच्या गप्पांतूनही ऐकू येतो, आणि तो ज्या रीतीने मांडला जातो तिच्यात कष्टकऱ्यांविषयीची एक सूक्ष्म तुच्छता दडलेली असते.

महाबळेश्वरचे उदाहरण घ्यावे. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंचीवरच्या या गावात हॉटेलच्या खोलीत भिंतीवर रुंद पडदा असणे आता गरम पाण्याइतकेच गृहीत धरले जाते. आर्थर सीटवरून सावित्रीचे खोरे पाहण्यासाठी ज्याने मुंबई सोडली, तो संध्याकाळी खोलीचे दार लावून मुंबईत दिसणारीच मालिका पाहतो. त्याला कोणी चंगळवादी म्हणत नाही. परंतु त्याच हॉटेलच्या खोल्या झाडणारी, किंवा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर वाकून फळे तोडणारी बाई दिवाळीच्या सुमारास बत्तीस इंची संच हप्त्याने घरी आणते, तेव्हा सुशिक्षितांच्या भुवया उंचावतात. घर कसले आणि पडदा केवढा, असा शेरा मारला जातो. शेरा मारणाऱ्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यातील पडदा तिच्या पडद्याच्या दीडपट असतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानातही येत नाही.

या वादात दोन पक्ष आहेत. एक पक्ष साधेपणाच्या उपासकांचा. त्यांना जुना लहान, उचलून नेण्याजोगा संच आठवतो, आणि त्या आठवणीतून ते एक नीतिकथा रचतात: लहान पडदा म्हणजे संयम, रुंद पडदा म्हणजे हाव. दुसरा पक्ष बाजाराच्या भाटांचा. त्यांच्या लेखी खेड्यातल्या भिंतीवर रुंद पडदा लागला की समाजवादाची गरजच संपली. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात; पण दोघांच्याही हातात एकच फूटपट्टी आहे. पडद्यापर्यंत चित्र कोठून येते, कोणाच्या परवानगीने येते आणि त्याची किंमत दरमहा कोण वसूल करतो, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. वस्तुतः तोच या विषयाचा गाभा आहे.

फूटपट्टीचे अर्थकारण

आधी फूटपट्टीचाच हिशेब करू द्यावा, कारण त्यातही फसगत आहे. संचाचे माप त्याच्या कर्णावर सांगितले जाते, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरप्या रेषेत समोरच्या कोपऱ्यापर्यंत. जुन्या घडणीत रुंदी आणि उंची यांचे प्रमाण चारास तीन असे होते. नव्या रुंद घडणीत ते सोळास नऊ आहे. आता वीस इंची म्हणून विकले जाणारे दोन पडदे शेजारी ठेवावेत. जुना पडदा सोळा इंच रुंद आणि बारा इंच उंच, म्हणजे १९२ चौरस इंचांचा भरतो. नवा पडदा साडेसतरा इंचांच्या आतबाहेर रुंद, पण उंचीला जेमतेम पावणेदहा इंच. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७१ चौरस इंच. इंच तेच, पडदा मात्र अकरा टक्क्यांनी लहान. जुन्या संचावर माणसाचा चेहरा जेवढा उंच दिसे तेवढाच नव्यावर दिसावा, तर वीसच्या जागी साडेचोवीस इंची संच घ्यावा लागतो. रुंदीच्या कौतुकात उंची कापली गेली, आणि ती परत मिळवण्यासाठी गिऱ्हाइकाला मोठ्या मापाकडे वळावे लागले, हे या व्यवहाराचे गणित.

माणसाची दृष्टी उभीपेक्षा आडवी अधिक पसरते, म्हणून रुंद पडदा डोळ्यांना नैसर्गिक वाटतो, असे विक्रेता सांगतो. यात तथ्य आहे. परंतु माणसाचे डोळे विसाव्या शतकाच्या अखेरीस आडवे झाले नाहीत. ते आधीपासून तसेच आहेत. रुंदीचा जन्म डोळ्यांच्या गरजेपेक्षा धंद्याच्या गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी पोचली आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा घरच्या चौकोनी पेटीत मावणार नाही असे काही तरी दाखवणे हॉलिवुडच्या कंपन्यांना भाग पडले. १९५३ मध्ये सिनेमास्कोपमधला ‘द रोब’ आला तो या गरजेतून. हिंदीत १९५९ मध्ये गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’ने तो आकार आणला. पुढे श्रीमंत देशांत प्रत्येक घरात संच आला, रंगीतही झाला, आणि नवा संच कोणाला विकायचा हा प्रश्न कारखानदारांपुढे उभा राहिला. तेव्हा ज्या रुंदीने चित्रपटगृहांनी दूरचित्रवाणीशी झुंज दिली होती, तीच रुंदी उच्च दर्जाच्या नव्या प्रक्षेपणाबरोबर दूरचित्रवाणीने उसनी घेतली. घरात चांगला चालणारा संच एका दिवसात ‘जुन्या घडणीचा’ ठरला.

भारतात ही रुंदी सपाट पडद्याबरोबर आली. सपाट पडदा वजनाने हलका, जागा कमी अडवणारा, आणि त्याच मापाच्या जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबपेक्षा वीज कमी खाणारा आहे. हे गुण नाकारण्याचे कारण नाही. पण जे जुन्या घडणीत चित्रित झाले त्याचे काय झाले? मुंबई दूरदर्शनचे ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ हे सारे चारास तीनच्या चौकटीसाठी घडले. रुंद पडद्यावर ते योग्य प्रमाणात दाखवायचे तर दोन्ही बाजू मिळून पडद्याचा एक चतुर्थांश भाग काळा राहतो. ज्याने पूर्ण पडद्याचे पैसे मोजले त्याला तो काळा पट्टा खुपतो. मग रिमोटची कळ दाबून चित्र ताणले जाते, आणि पडद्यावरचा प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने फुगतो. एका पिढीचे सार्वजनिक सांस्कृतिक धन अशा रीतीने विद्रूप होऊन पाहिले जाते, आणि त्याला तांत्रिक प्रगती असे नाव मिळते.

लहान संच का आवडला

आता दुसऱ्या पक्षाच्या नीतिकथेकडे वळावे. लहान, उचलता येणारा संच लोकांना आवडत होता, हे खरे. पण तो लहान होता म्हणून आवडत होता, हे खरे नाही. चौदा इंची पडद्यासमोर घरची दहा आणि शेजारची पंधरा माणसे दाटीवाटीने बसत. त्यांतल्या मागच्या रांगेला कोणी विचारले असते तर मोठा पडदा नको असे एकानेही म्हटले नसते. त्याचे आकर्षण कशात होते, हे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वस्त्यांत अधिक स्पष्ट दिसते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुनःप्रक्षेपित होऊ लागले. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या मागे सावली पडते. त्यामुळे घाटमाथ्यावर एका वाडीत चित्र स्वच्छ, तर खालच्या वाडीत पडद्यावर नुसत्या मुंग्या, असा प्रकार होई. लहान संचाचा मोठा गुण हा की, चित्र जेथे येते तेथे तो नेता येई. घरातून अंगणात, अंगणातून टेकाडावरच्या भावकीच्या घरी. त्याच्या पाठीवरच अँटेनाची ओढून लांब करता येणारी काडी असे. वीज गेली तर कित्येक काळेपांढरे लहान संच मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. ज्या तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जेथे जून ते सप्टेंबर भिंती गवताच्या तट्ट्यांनी झाकून घ्याव्या लागतात आणि तारांवर झाड पडले की दिवसेंदिवस अंधार असतो, तेथे हा गुण शोभेचा नव्हता. कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्राच्या कारखान्यांचे दिवे लागले. त्याच जलाशयाच्या काठावर उठवून बसवलेल्या वाड्यांना विजेसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली. अशा मुलखात बॅटरीवर चालणाऱ्या पेटीचे मोल शहरातल्या साधेपणाच्या उपासकाला कळणे कठीण आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा संच विकत घेतला की कोणाचे देणे उरत नसे. आरंभी वार्षिक परवाना-शुल्क होते, ते पोस्टात भरावे लागे; १९८० च्या दशकाच्या मध्यास तेही रद्द झाले. त्यानंतर आकाशातून येणारे चित्र पाऊसपाण्यासारखे मोफत झाले. संच बिघडला तर तालुक्याच्या गावचा मेकॅनिक झाळणीची कांडी घेऊन तो दुरुस्त करी. संच घेणाऱ्याच्या मालकीचा होता, या वाक्याला तेव्हा पूर्ण अर्थ होता.

हे चित्र गोडगोड करून सांगण्याचेही कारण नाही. रंगीत प्रक्षेपण १९८२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले आणि त्या वर्षाअखेरच्या आशियाई स्पर्धांसाठी रंगीत संचांच्या आयातीची दारे उघडली गेली. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते, आणि त्यांत कोकणाबरोबर साताऱ्याच्या डोंगरी भागातले हजारो होते. ज्या घरातला मनिऑर्डरीचा ओघ आटला होता, त्या घरासाठी सरकारकडे वेळ नव्हता. उपग्रहासाठी आणि खेळांच्या झगमगाटासाठी होता. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ दररोज एक याप्रमाणे लहान प्रक्षेपक उभे राहिले. तो विस्तार निवडणुकीच्या तोंडावर झाला आणि त्यामागे सत्ताधाऱ्यांचा स्वार्थ होता, हे खरेच. तरीही त्यातून एक सार्वजनिक वास्तू उभी राहिली: गरिबातल्या गरिबाच्या काडीवर उतरणारे फुकट चित्र. सत्तेने स्वार्थापोटी बांधलेली विहीरही गावाची तहान भागवते. प्रश्न आहे तो ती विहीर पुढे कोणी बुजवली हा.

अँटेना मुकी कशी झाली

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि केबलवाल्याची तार गल्लोगल्ली फिरली. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे नाव महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. ते त्या पीठावर होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नाही, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. उदारीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी त्यातला दुसरा भाग पाठ केला, पहिला विसरून गेले. सरकारची मक्तेदारी जावी म्हणून ज्या निकालाचा जयघोष झाला, त्याच निकालातील सार्वजनिक मालमत्तेचे पुढे काय झाले हे पाहण्याजोगे आहे.

केबलचे अंकीकरण करण्यासाठी २०११ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०१७ च्या मार्चअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने देशभर सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून नवी दररचना आली: शंभर वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये जोडणी-आकार, त्यावर कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. २०२४ मध्ये या जोडणी-आकारावरची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. दुसरीकडे, प्रसार भारतीने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले की, मोक्याची सुमारे ५० ठिकाणे वगळता जमिनीवरील सर्व जुने प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केले जातील. ते बंद झाले. त्या दिवशी देशातल्या बहुतेक सर्व लहान संचांच्या पाठीवरची अँटेनाची काडी निव्वळ लोखंडाची काडी उरली. कोठे मोर्चा निघाला नाही, कोठे निवेदन दिले गेले नाही. पुरोगामी पक्षांनीही, खरे सांगायचे तर, या घटनेची दखल घेतली नाही.

जुने तंत्र कालबाह्य झाले होते आणि लहरींचा पट्टा उगाच अडून राहिला होता, असे या निर्णयाचे समर्थन केले जाते. जुने तंत्र जाणे अपरिहार्य असेल. परंतु जगात अनेक देशांनी जुने प्रक्षेपण बंद करताना त्याच मनोऱ्यांवरून अंकीय प्रक्षेपण सुरू केले, जे साध्या अँटेनावर फुकट मिळते. भारतातही २०१६ मध्ये मुंबई-औरंगाबादसह १६ शहरांत ते सुरू करण्यात आले होते. ते खेड्यांपर्यंत नेण्याऐवजी पाऊल मागे घेण्यात आले. आणि रिकाम्या लहरींचे काय? २०२२ च्या लिलावात जो ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मांडला गेला, त्याला एकही बोली आली नाही. गावचे गायरान मोकळे करून विकावयास काढले, आणि गिऱ्हाईकच आले नाही; तरी गुरांना मात्र बंदी कायम, असा हा न्याय.

मोफत डिश आहे ना, असे उत्तर यावर मिळते. आहे, २००४ पासून प्रसार भारतीची मोफत उपग्रह सेवा आहे, अंदाजे चार कोटींहून अधिक घरे ती पाहतात, आणि ती टिकलीच पाहिजे. पण ती उपग्रहावरून ज्या सूक्ष्म लहरींवर येते त्या मुसळधार पावसात क्षीण होतात. पडद्यावर चित्र गोठते, मग ‘संकेत उपलब्ध नाही’ अशी सूचना उरते. मनोऱ्यावरून येणाऱ्या जुन्या लहरींना पाऊस फारसा अडवीत नसे. म्हणजे ज्या चार महिन्यांत महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरात माणूस घरात कोंडलेला असतो, दरड कोठे कोसळली आणि घाट बंद आहे की चालू याची बातमी त्याला सर्वांत निकडीची असते, नेमक्या त्याच काळात त्याचा पडदा आंधळा होतो. दिल्लीत बसून धोरण ठरवणाऱ्यांना वर्षाला पंचवीस-तीस इंच पावसाची सवय असते. सव्वादोनशे इंच पावसाचा हिशेब त्यांच्या फायलीत बसत नाही.

करांचा हिशेबही येथेच मांडलेला बरा. वस्तू व सेवा करात मोठ्या संचांवर २८ टक्के आणि लहान संचांवर १८ टक्के अशी रेषा २०१८ मध्ये ओढली गेली. २०१९ च्या जानेवारीपासून ती ३२ इंचांवर आणली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती रेषाच पुसून मोठ्या संचांवरही १८ टक्के कर झाला. लहान आणि थोर एका पंक्तीला बसले, तेही थोरांवरचा भार उतरवून. केबल व डिशच्या मासिक आकारावरचे १८ टक्के मात्र जसेच्या तसे राहिले. दिवाणखान्यातील पंचावन्न इंची संचाच्या खरेदीला सवलत, आणि झोपडीतल्या दरमहाच्या रिचार्जला कर: यात सरकारचा कल कोणाकडे आहे हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

चावडीतला पडदा, हातातला पडदा

साधेपणाच्या उपासकांना येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. आजचा लहान, उचलून नेण्याजोगा संच कोणता? तो प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल फोनचा पडदा जुन्या पेटीहून कितीतरी लहान आहे. मग संयमाचे आणि साधेपणाचे राज्य अवतरायला हवे होते. प्रत्यक्षात काय झाले? जुना लहान संच वाडी गोळा करी. नवा लहान पडदा एका घरातल्या चार माणसांना चार कोपऱ्यांत बसवतो. जुन्यावर येणाऱ्या चित्राला पैसे पडत नव्हते. नव्यावरच्या प्रत्येक क्षणाचा डेटा मोजला जातो. जुना पाहणाऱ्याकडे पाहत नव्हता; नवा पाहणाऱ्याचीच टेहळणी करून ती माहिती जाहिरातदारांना विकतो. लहानपणात मुळात कोणताही पुण्यांश नाही, आणि रुंदपणात पाप नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उलट, मोठा पडदा हा स्वभावतः अनेकांचा असतो. महाराष्ट्रालाच एका जुन्या प्रयोगाचा विसर पडला आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने दीडशे खेड्यांत नभोवाणी शेतकरी मंडळे चालवली. पाच जिल्ह्यांतील त्या खेड्यांत तेव्हाच्या उत्तर साताऱ्यातलीही होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे परत पाठवीत. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसवून दूरचित्रवाणी दाखवली गेली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. दोन्ही प्रयोग यशस्वी म्हणून वाखाणले गेले, आणि वाखाणून झाल्यावर गुंडाळले गेले.

त्या सार्वजनिक संचाचेही दैवतीकरण करू नये. चावडी ही गावातल्या पुरुषांची, आणि पुष्कळदा विशिष्ट जातींच्या पुरुषांची जागा होती. तेथे बायका मोकळेपणाने बसू शकत नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरच्यांची जागा ठरलेली होती. घरात आलेल्या लहान खासगी संचाने ती भिंत काही अंशी मोडली. चुलीपाशी बसलेल्या बाईला प्रथमच जग दिसले. लहान संचाच्या लोकप्रियतेचे हे कारण नीतिकथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण ते पाहणाऱ्यांत बाईला धरतच नाहीत. आज जी बाई स्वतःच्या मजुरीतून रुंद पडदा घेते, ती तोच हक्क पुढे नेते. तिची चूक काढण्याचा अधिकार कोणाला नाही. तिची फसवणूक होत असेल तर ती कोठे होते, हे तिला सांगणे मात्र कर्तव्य आहे.

तमिळनाडूचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २००६ मध्ये तेथील सरकारने गरीब कुटुंबांना चौदा इंची रंगीत संच फुकट देण्याची योजना आणली. देशभरच्या इंग्रजी वृत्तपत्रांनी खैरात म्हणून तिची टवाळी केली. टवाळी चुकीच्या जागी होती. खरा दोष हा की, संच दिला पण चित्र दिले नाही. त्यामुळे खासगी केबल कंपन्यांनाच सरकारी खर्चाने नवे ग्राहक मिळाले, अशी टीका तेथेच झाली. पुढे २०११ मध्ये राज्याच्या मालकीच्या केबल महामंडळाने दरमहा सत्तर रुपयांत जोडणी देऊ केली, तेव्हा कोठे त्या संचाला अर्थ आला. धडा सरळ आहे. पेटी फुकट दिली आणि लहरी विकल्या, तर गरिबाच्या पदरी पेटीच पडते.

मागणी कशाची?

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही पाठमालिका दाखवली गेली. ज्या घरात फोन एकच आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, त्या घरातल्या मुलाची शाळा त्या काळात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर होती. पडदा चौदा इंची होता की चाळीस इंची, याने त्या मुलाचे काही बिघडले नाही. चित्र येते की नाही, रिचार्ज संपला की नाही, वीज आहे की नाही, यावर त्याचे वर्ष अवलंबून होते. ज्यांना हा विषय करमणुकीचा वाटतो त्यांनी एवढे एकच उदाहरण ध्यानात ठेवावे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: जमिनीवरील मनोऱ्यांवरून अंकीय प्रक्षेपण पुन्हा सुरू व्हावे, डोंगरी तालुक्यांपासून त्याचा आरंभ व्हावा, सावलीतल्या खोऱ्यांसाठी लहान पुनःप्रक्षेपक बसवावेत, आणि ते साध्या अँटेनावर विनामूल्य मिळावे. दुसरी: डेटाशिवाय थेट मोबाइलवर प्रक्षेपण उतरवण्याचे जे प्रयोग प्रसार भारतीने अलीकडच्या वर्षांत केले आहेत, ते दूरसंचार कंपन्यांच्या विरोधामुळे बासनात जाऊ नयेत, खिशातल्या लहान पडद्याला जुन्या लहान संचाचे स्वातंत्र्य मिळण्याचा तो मार्ग आहे. तिसरी: दूरचित्रवाणीच्या मूळ मासिक जोडणीवरचा कर रद्द व्हावा आणि तिच्या आकारावर पुन्हा मर्यादा यावी. चौथी: प्रत्येक संचाच्या खोक्यावर कर्णाबरोबर पडद्याची रुंदी, उंची आणि क्षेत्रफळ छापणे सक्तीचे व्हावे, आणि संचाचे सुटे भाग ठरावीक वर्षे मिळण्याची हमी कंपनीवर टाकावी. पाचवी: ग्रामपंचायतीच्या जागेत एक मोठा सार्वजनिक पडदा असावा, आणि त्याच्या किल्ल्या महिला मंडळाकडे असाव्यात.

ही शेवटची मागणी कोणाला स्वप्नाळू वाटेल, तर त्याने पाचगणीजवळच्या भिलारला जाऊन यावे. २०१७ पासून तेथे घराघरांत पुस्तके ठेवली आहेत आणि कोणीही आत येऊन वाचू शकतो. ज्या तालुक्यात माणसे आपल्या घराचा सोपा अनोळखी वाचकासाठी उघडा ठेवतात, तेथे एक पडदा सर्वांसाठी उघडा ठेवणे अशक्य कसे म्हणता येईल?

कार्यकर्त्यांनी यापुढे कोणाच्या भिंतीवर किती इंची संच आहे हे मोजू नये. पुढच्या पावसाळ्याआधी वाडीवाडीत जाऊन तीन गोष्टींची यादी करावी: किती घरांतला संच चित्राअभावी बंद पडून आहे, किती घरे दरमहा किती पैसे भरतात, आणि पावसात किती दिवस पडदा कोरा राहतो. ही यादी घेऊन तहसील कचेरीवर जावे, आणि तिची एक प्रत खासदारांकडे द्यावी. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून तीन दशके उलटली. ज्यांची ती मालमत्ता आहे त्यांनी तिच्यावर हक्क सांगायला उभे राहणे तेवढे बाकी आहे.